एका दिवसाची परीक्षा

परीक्षा ही संस्था आम्हांस कधींच आवडली नाहीं, आणि गेलीं तीस वर्षें आमचा चरितार्थ तिच्यावरच चालला आहे. मुलानें वर्षभर काय केलें तें बाजूस ठेवावें आणि एका सकाळीं तीन तासांत तो काय लिहितो एवढ्यावर त्याचें भवितव्य ठरवावें, ही पद्धति अन्यायाची आहे, असें आम्ही तरुणपणीं व्याख्यानांतून सांगितलें व पुढें समित्यांच्या अहवालांतून लिहिलें. आतां वर्षभराच्या अंतर्गत गुणांची पद्धति रूढ झाल्यावर तिच्याविषयींही कुरकुर करूं लागलों आहों. अशा मनुष्यास बास्केटबॉलच्या सामन्यांत मन घालण्याजोगें कांहीं सांपडेल, हें कोणीं भाकीत केलें असतें तर आम्ही हंसलों असतों. परंतु २०२४ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील रॉली शहरीं आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं कांहीं आठवडे राहिलों, आणि तेथें दूरचित्रवाणीपुढें बसून पांच दिवसांत जें पाहिलें त्यानें आमचें हें जुनें मत तर हललेंच, पण मताच्या तळाशीं पडलेली एक आठवणही वर आली. तिच्याविषयीं लिहिल्यावांचून आतां सुटका नाहीं.

हा विद्यार्थी पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालून त्या शहरांतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकावयास गेला, आणि तिकडेच स्थायिक झाला. त्या विषयाचें तेथील खातें नांवाजलेलें आहे. १९४१ सालीं गर्ट्रूड कॉक्स या विदुषीनें तें उभारलें. नमुना कसा घ्यावा, आणि एका प्रयोगावरून किती खात्रीनें बोलावें, याचेंच तें शास्त्र. त्यांत मुरलेला, चाळिशी उलटलेला मनुष्य मार्च उजाडतांच तांबडा सदरा अंगांत घालून विद्यापीठाच्या संघाच्या नांवानें आरडाओरडा करतो, हें पाहून आम्ही प्रथम त्याची थट्टाच केली. "सर, पांच दिवस थांबा, मग हंसा," एवढेंच तो म्हणाला.

वाचकांच्या माहितीसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. तिकडे कांहीं विद्यापीठें मिळून खेळांचें एक मंडळ करतात, त्यास कॉन्फरन्स म्हणतात. मे १९५३ मध्यें सात विद्यापीठांनीं जुनें सदर्न मंडळ सोडून ग्रीन्सबरो येथें अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनिया आठवें म्हणून येऊन मिळालें. हिंवाळाभर हे संघ एकमेकांच्या गांवीं जाऊन सामने खेळतात, आणि कोण किती जिंकला याची उतरंड लागते. येथवर सारें आमच्या मनासारखें, म्हणजे वर्षभराच्या कामाचें मोजमाप. परंतु मार्चच्या आरंभीं सगळे एका शहरांत जमतात आणि पुन्हां पहिल्यापासून खेळतात. आतां मात्र जो हरला तो त्याच रात्रीं घरीं जातो. पहिल्या वीस वर्षांत नियम असा होता कीं, या तीनचार दिवसांत जो शेवटपर्यंत टिकेल त्यालाच, आणि फक्त त्यालाच, राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश. हिंवाळाभराच्या उतरंडीची किंमत एवढीच, कीं पहिला सामना कोणाशीं पडावा तें तिच्यावरून ठरे.

ही स्पर्धा पहिल्यानें १९५४ सालीं रॉलींतच, स्टेटच्या रेनल्ड्स कलिझियममध्यें झाली, आणि यजमान संघानेंच ती वेक फॉरेस्टविरुद्ध जादा वेळेंत ८२-८० अशी जिंकली. स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस हे इंडियानाहून आलेले गृहस्थ. जिंकल्यावर शिडी लावून कड्याची जाळी कापून घेण्याची जी चाल आज अमेरिकाभर आहे, ती त्या प्रांतीं त्यांनींच रूढ केली. १९६५ सालीं ते आजारानें निवृत्त झालेले असतां त्यांच्या जुन्या संघानें स्पर्धा जिंकली, आणि खेळाडूंनीं त्यांस उचलून धरून त्यांच्या हातून शेवटची जाळी कापविली. पुढच्याच वर्षीं ते वारले. एका दिवसाच्या परीक्षेविरुद्ध तक्रार करणारे प्रशिक्षक त्या काळींही होते. पण तिकिटांसाठीं लोक जीव टाकीत, मंडळाची तिजोरी भरे, आणि तिजोरीपुढें तक्रारीचें काय चालणार? शिवाय लोकांनाच ती आवडे. त्या संस्थानांत स्पर्धेच्या शुक्रवारीं कित्येक शाळांतून मास्तर वर्गांत दूरचित्रवाणीचा संच ढकलीत आणीत आणि गणिताच्या तासाला सामना दाखवीत, असें आमच्या यजमानांच्या शेजाऱ्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. आमच्या वर्गांत ही सोय असती तर आम्ही कदाचित् लोकप्रिय झालों असतों!

या नियमाचें हिशेबी रूप आमच्या विद्यार्थ्यानें चहाच्या कागदी रुमालावर मांडून दाखविलें. समजा, एखादा संघ इतका बलवान् आहे कीं प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता पांचांत चार. तरीही लागोपाठ तीन सामने जिंकण्याची शक्यता जेमतेम निम्म्यावर येते, शंभरांत एक्कावन्न. म्हणजे हिंवाळाभर निर्विवाद श्रेष्ठ ठरलेल्या संघाचें नशीब नाणें उडविल्यासारखें. १९५७ सालीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ एकही सामना न हरतां येथवर आला, आणि उपांत्य सामन्यांत वेक फॉरेस्टपुढून ६१-५९ असा केवळ दोन गुणांनीं निसटला. त्या रात्रीं एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर पुढें बत्तीस विजय व शून्य पराजय असा विक्रम करून राष्ट्रीय विजेता झालेला तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दारांतही उभा राहिला नसता. १९७० सालीं साउथ कॅरोलायनानें मंडळांतले चौदाच्या चौदा सामने जिंकले, आणि अंतिम सामन्यांत स्टेटकडून दोनदां वाढविलेल्या वेळेंत ४२-३९ असा पराभव पतकरला. पुढच्या वर्षीं तें विद्यापीठ मंडळच सोडून गेलें. कारणें दुसरींही होतीं, पण मनांतली सल एक असतेच.

सर्वांत विलक्षण हकीकत १९७४ ची. ती आम्हांस शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वींच्या त्या शनिवारीं, ९ मार्चला, ते ग्रीन्सबरोच्या कलिझियममध्यें विद्यार्थी म्हणून बसले होते. अंतिम सामना स्टेट आणि मेरीलँड यांचा. दोघेही त्या वर्षीं देशांतल्या पहिल्या चारपांचांतले. स्टेटकडे डेव्हिड टॉमसन हा अपूर्व उडी घेणारा तरुण होता. त्या काळीं चेंडू वरून कड्यांत दाबण्यास मनाई होती, म्हणून तो हवेंत जाऊन तो हळूच आंत सोडीत असे. त्याच्या जोडीला सात फुटांहून उंच टॉम बर्ल्सन आणि साडेपांच फुटांच्या आसपासचा मॉन्टी टो. ही जोडी एका चित्रांत मावणें कठीण. मेरीलँडकडे लेन एलमोर, जॉन लूकस आणि टॉम मॅकमिलन. हा मॅकमिलन पुढें ऱ्होड्स शिष्यवृत्ति मिळवून ऑक्सफर्डला गेला आणि नंतर अमेरिकन काँग्रेसचा सभासदही झाला.

त्या वर्षीं मंडळाच्या उत्तम पंचकांत मध्यस्थानीं निवड झाली ती एलमोरची, बर्ल्सनची नव्हे. आणि त्या रात्रीं बर्ल्सननें एकट्यानें अडतीस गुण केले. मेरीलँडचा संघ आरंभीं बराच पुढें होता. स्टेटनें गांठलें, बरोबरी झाली, वेळ वाढवावी लागली. एका गुणाचें अंतर उरलेलें असतां अखेरच्या क्षणांत त्या ठेंगण्या टोनें दोन फ्री थ्रो शांतपणें घातले, आणि १०३-१०० असा सामना संपला. हरणाऱ्या संघानेंही शंभर गुण केले होते. मेरीलँड त्या वर्षीं स्टेटकडून तिसऱ्यांदां हरत होता. पण असा खेळ करून हरणें म्हणजे उत्तम पेपर लिहून नापास होण्यासारखें. त्यांचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल सामन्यानंतर स्टेटच्या बसमध्यें चढले आणि शत्रुपक्षाच्या मुलांचें अभिनंदन करून, आतां सारें जिंकून या, असें सांगून उतरले. न्यूयॉर्कच्या दुय्यम स्पर्धेचें आमंत्रण मेरीलँडच्या मुलांनीं नाकारलें. स्टेटनें पुढें सात वर्षें सतत विजेते असलेल्या यू. सी. एल. ए. ला उपांत्य सामन्यांत हरविलें आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. मेरीलँडनें तें घरीं बसून पाहिलें.

पुढल्याच वर्षीं, १९७५ सालीं, राष्ट्रीय स्पर्धा बत्तीस संघांची झाली, आणि एका मंडळांतून एकाहून अधिक संघ घेण्याची मोकळीक मिळाली. हा बदल त्या एका सामन्यानें घडविला असें तिकडे सर्रास म्हणतात. तें सर्वस्वीं खरें मानण्याचें कारण नाहीं. इतर मंडळांतूनही चांगले संघ घरीं बसत होतेच. पण ज्या अन्यायाविषयीं लोक नुसते बोलत होते तो त्या रात्रीं सर्वांस डोळ्यांनीं दिसला, एवढें खरें.

हें ऐकतांना आम्ही मनांतून अस्वस्थ होतों, आणि त्याचें कारण समोर तांबडा सदरा घालून बसलें होतें.

पंचवीस वर्षांपूर्वीं परदेशीं उच्च शिक्षणासाठीं एका निधीची शिष्यवृत्ति असे, जागा एक. निवड एका दिवशीं, सकाळीं लेखी व दुपारीं तोंडी परीक्षा घेऊन होई. तीन परीक्षक, त्यांत आम्ही सर्वांत लहान. त्या वर्षीं आमच्या वर्गांतलीं दोन मुलें बसलीं. एक तीन वर्षें सतत पहिला. उदाहरण फळ्यावर लिहून होण्यापूर्वीं त्याचें उत्तर तयार असे, आणि कधीं कधीं तें आमच्याहून सोपें असे. दुसरा बुद्धीचा तल्लख, पण आळशी. अर्धें वर्ष गच्चीवर पतंग आणि अर्धें वर्ष मित्रांचीं वह्या-पुस्तकें. त्या दिवशीं पहिल्याची लेखणी चालेना. कां, तें त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. दुसरा मात्र असा खुलला कीं तोंडी परीक्षेंत आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं टेबलावर हात मारून दाद दिली. आम्हीं म्हटलें, तीन वर्षांचें काम पाहा. ते म्हणाले, नियमांत तीन वर्षें नाहींत, आजचा दिवस आहे. दोघे एकीकडे, आम्ही एकीकडे. दुसरा गेला. तोच आतां आमचा यजमान. पहिला एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत लागला. त्यानें आम्हांस दोन पत्रें लिहिलीं. पहिल्याचें उत्तर आम्हीं पाठविलें. दुसऱ्याचें पाठविलें नाहीं. लिहिण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं, हें खरें कारण. काम फार होतें, हें आम्ही स्वतःला सांगितलेलें कारण.

तेव्हांपासून, बरोबर मुलास न पाठवितां चुकीच्या मुलास पाठविलें, हा आमच्या परीक्षाविरोधाचा मूळ पाया आहे. व्याख्यानांत आम्ही तो कधीं सांगितला नाहीं, इतकेंच.

आतां २०२४ चे पांच दिवस. स्पर्धा वॉशिंग्टन येथें होती. मंडळांत पंधरा संघ, आणि त्यांत स्टेट दहावा. हंगामाचे शेवटचे चार सामने तो ओळीनें हरला होता. सत्तरा जय, चौदा पराजय. राष्ट्रीय स्पर्धेसाठीं त्या वर्षीं अडुसष्ट संघ घ्यावयाचे होते. बत्तीस मंडळांचे बत्तीस विजेते आपोआप जाणार होते, उरलेले छत्तीस एक समिति हंगामभराचें काम पाहून निवडणार होती. म्हणजे आमचें स्वप्न तेथें मूर्त झालेलें आहे. त्या समितीनें या संघाचा कागद उघडूनही पाहिला नसता. त्यास एकच वाट होती: मंगळवारपासून शनिवारपर्यंत रोज एक, असे पांच सामने जिंकणें. आमच्या यजमानानें रुमालावर पुन्हां हिशेब केला. प्रत्येक सामन्यांत तिनांत एक शक्यता धरली तर पांचही जिंकण्याची शक्यता दोनशें त्रेचाळीसांत एक.

मंगळवारीं लुइव्हिल, बुधवारीं सिरॅक्यूज. गुरुवारीं ड्यूक, म्हणजे उतरंडींतला दुसरा. या वेळेपर्यंत आम्ही खुर्ची पुढें ओढली होती. शुक्रवारीं व्हर्जिनिया, म्हणजे तिसरा. पांचसहा सेकंद उरलीं असतां स्टेट तीन गुणांनीं मागें. व्हर्जिनियाच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला. मायकेल ओकॉनेल नांवाच्या मुलानें चेंडू घेऊन धांव घेतली आणि लांबून फेंकला. तो फळीवर आदळून जाळींत पडला. वेळ वाढली, स्टेट ७३-६५ नें जिंकला. त्या घरांत काय झालें तें सांगवत नाहीं. आमच्या हातांतला चहा गालिच्यावर सांडला हें मात्र कबूल करतों. शनिवारीं पहिल्या क्रमांकाच्या नॉर्थ कॅरोलायनास ८४-७६ असें हरवून स्टेटनें १९८७ नंतर प्रथमच मंडळाचें विजेतेपद घेतलें. आणि त्यास केवळ दैवाचा खेळ म्हणावें तर तेंही साधेना. हाच संघ पुढें राष्ट्रीय स्पर्धेंत आणखी चार सामने जिंकून शेवटच्या चारांत गेला, आणि तेथें पर्ड्यूकडून हरला. तो काय करूं शकतो हें हंगामभराच्या कागदांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें.

येथें थांबून एका गोष्टीची नोंद केली पाहिजे, कारण त्या आनंदांत ती कोणीं केली नाहीं. उतरंडींतला चौथा संघ पिट्सबर्गचा. हंगामाच्या शेवटच्या सामन्यांत त्यानें याच स्टेटला हरविलें होतें. तो उपांत्य सामन्यांत हरला आणि निवडसमितीनें त्यास घेतलें नाहीं. मंडळांतून पांच संघ गेले, दहावा गेला, चौथा राहिला. दुय्यम स्पर्धेस जाण्याचें पिट्सबर्गनेंही नाकारलें, मेरीलँडनें नाकारलें होतें तसेंच. दारें कितीही वाढविलीं तरी शेवटच्या दारापाशीं कोणीतरी उभा राहतोच.

शनिवारीं मध्यरात्रीं घर शांत झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरांत पाणी प्यावयास गेलों, तो तेथें यजमान ओट्याशीं उभा.

"सर, एक बोलूं? त्या निवडीच्या वेळीं तुम्हीं माझ्याविरुद्ध मत दिलें होतें. मला ठाऊक आहे."

आम्हीं विचारलें, "कोणीं सांगितलें तुला?"

"तुमच्याच बरोबरच्या एका सरांनीं. मी निघण्याच्या आदल्या दिवशीं."

"मग पंचवीस वर्षें बोलला नाहींस?"

"तुम्ही मला विमानतळावर पोंचवायला आला होतां, सर. जातांना खिशांत पाकीट घातलेंत. त्यावर मी काय बोलणार?"

थोडा वेळ दोघेही गप्प होतों. मग तोच म्हणाला, "तुमचें मत बरोबर होतें. तो माझ्याहून हुशार होता. मी त्याच्याहून हुशार कधींच नव्हतों. पण तुमच्या पद्धतीनें मला खेळायलाच मिळालें नसतें. मी दहावाच होतों ना!" आणि पुढें, अगदीं सहज, "त्याचें पुढें काय झालें, सर?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पंचवीस वर्षें ज्याच्यावरील अन्याय आम्ही मनांत जपला, त्याचा पत्ताही आमच्यापाशीं नव्हता. अन्याय आमच्या उपयोगी पडला होता; माणूस कोठें राहिला तें पाहिलें नव्हतें. दहाव्याला मिळालेली संधि चौथ्याच्या पदरांतून आली काय, याचा हिशेब कागदी रुमालावर होत नाहीं, आणि आम्हीं तो मांडण्याचा प्रयत्नही केला नाहीं. दिवा मालवून आम्ही झोंपावयास गेलों, पण झोंप लागली नाहीं.

एक वर्ष गेलें. मंडळांत आतां अठरा विद्यापीठें आहेत. अटलांटिक किनाऱ्याच्या नांवाखालीं पॅसिफिक किनाऱ्यावरचींही दोन आलीं आहेत. भूगोलाचें पुस्तक त्यांनीं आमच्याकडून नेलें नाहीं, हें स्पष्ट आहे. २०२५ च्या स्पर्धेस त्यांतल्या पंधरांनाच प्रवेश होता, आणि आदल्या वर्षीं पांच दिवसांत पांच सामने जिंकणारा स्टेटचा संघ त्या पंधरांतही बसला नाहीं. त्याचे प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांस त्याच मार्चमध्यें काढून टाकण्यांत आलें. आमच्या विद्यार्थ्याचें पत्र आलें त्यांत या बातमीस दोनच ओळी होत्या. बाकीचें पत्र निराळ्या विषयाचें होतें. त्यानें जुन्या वर्गमित्रांकडे चौकशी करून, तिघांचौघांना विचारून, त्या पहिल्या मुलाचा पत्ता काढला होता. तो अद्याप त्याच तालुक्याच्या गांवीं आहे. शाळेंतून अजून सेवानिवृत्त व्हावयाचा आहे. त्याच्या हाताखालचीं मुलें गणितांत बरीं निघतात, असें कोणीं सांगितलें. "मीं अजून त्याला लिहिलें नाहीं. आधीं तुम्हीं लिहावें असें वाटतें," असा शेवट.

पत्ता आमच्या टेबलावर आहे. मायना लिहून झाला आहे.